दोन दप्तरे : शाळेतील संगणकशिक्षणाची एक चिकित्सा

१

मराठीत 'दप्तर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दप्तर शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर असते. दुसरे कचेरीत असते आणि त्यात गावाची जमीन, कर्ज, जन्म-मृत्यू व जात लिहिलेली असते. शाळेच्या पाठांत संगणकशास्त्र आणि आकडेवारी हाताळण्याचे कौशल्य आणावे, असा आग्रह सध्या सर्व बाजूंनी धरला जात आहे. या आग्रहाची चर्चा पहिल्या दप्तरापुरतीच होते. त्यात आणखी एक पुस्तक घालायचे की नाही, ते कितवीपासून घालायचे, एवढाच तिचा आवाका असतो. दुसऱ्या दप्तराचे नाव कोणी काढीत नाही. दलित-बहुजन समाजाच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न त्या दुसऱ्या दप्तराचा आहे, अशी माझी धारणा आहे.

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. आईवडील वीटभट्टीवर होते. मजुरी हजार विटांवर ठरलेली आणि ती आधी घेतलेल्या उचलीतून वळती व्हायची. आई झोपडीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढी. एक रेघ म्हणजे हजार विटा. हंगाम संपल्यावर हिशेबाला बसले की मालकाच्या वहीत विटा नेहमी कमी निघत. आईचा हिशेब बरोबर असे, पण भिंत कोणी पुरावा म्हणून धरीत नाही. वही धरतात. वडील अंगठा उठवून परत येत. शाळेत संगणक आणि आकडेवारी शिकवण्याविषयी मी जे लिहिणार आहे, त्याच्या मुळाशी ही भिंत आणि ही वही आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

२

प्रथम धोरणाचा मजकूर तपासू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गणिती विचार आणि संगणकीय विचार यांवर सर्व शालेय वर्षांत भर द्यावा, आणि माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीत, संगणकाला आज्ञा लिहिण्याचे उपक्रम सुरू करावेत, असे म्हटले आहे. असे का करायचे? कृत्रिम बुद्धिमत्ता, यंत्र-अध्ययन, विदाशास्त्र अशा येऊ घातलेल्या क्षेत्रांत भारताला नेतृत्व करायचे आहे म्हणून. कारण एवढेच. त्याआधीच, २०१९-२० पासून, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय आणला होता. २०२१-२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने सहावी ते आठवीला 'कोडिंग' आणि आठवीपासून 'डेटा सायन्स' आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता व संगणकीय विचार शिकवण्याचे जाहीर केले.

या साऱ्या मजकुरात मूल कोणत्या रूपाने येते? उद्याचा कुशल कामगार म्हणून येते, देशाच्या नेतृत्वाचे साधन म्हणून येते. ज्याच्याविषयीची माहिती आजच कुठेतरी साठवलेली आहे, आणि त्या माहितीवर ज्याची शिष्यवृत्ती, ज्याच्या घरचे धान्य आणि ज्याचा जातीचा दाखला अवलंबून आहे, असा नागरिक म्हणून ते येत नाही. धोरण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरचे मूल हे ज्याला दुसऱ्या दप्तराची कधी भीती वाटली नाही अशा घरातले आहे. म्हणून त्यांना संगणक ही संधी वाटते. आपल्या घरांत तो आधी कचेरीची खिडकी म्हणून आला आणि नंतर संधी म्हणून.

बाजाराला हे मूल लगेच समजले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या. आपली मुले एका फोनवर तिघे-चौघे अभ्यास करीत होती. त्याच वर्षी पांढरपेशा घरांना सहा वर्षांच्या मुलाला 'कोडिंग' न शिकवणे म्हणजे त्याचे आयुष्य बरबाद करणे, अशा थाटाच्या जाहिराती दाखवल्या जात होत्या. त्यांतल्या एका कंपनीला काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. जाहिराती गेल्या, पण त्यांनी पेरलेली भीती गेली नाही. तीच भीती आता अभ्यासक्रमाच्या भाषेत बोलते आहे.

३

यावर आपल्या चळवळीत दोन प्रतिक्रिया उमटतात.

पहिली प्रतिक्रिया उत्साहाची आहे. आपलीही मुले मोठ्या कंपन्यांत गेली पाहिजेत, यंत्राला जात नसते, असे ही मंडळी म्हणतात. दुसरी नकाराची आहे. शाळेला शिक्षक नाही, छप्पर गळते, मुलींना स्वच्छतागृह नाही, तिथे संगणक कसला? हा नकार मी हलक्याने घेत नाही. सरकारच्याच यू-डायस प्लस या शाळागणनेनुसार २०२४-२५ मध्ये देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची सोय होती आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक शाळांत संगणक नव्हता आणि तिसऱ्या हिश्शाहून अधिक शाळांत इंटरनेट नव्हते, आणि त्या शाळा कोणाच्या वस्तीतल्या आहेत हे या अंकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

तरीही या नकारातला धोका सांगितला पाहिजे. १९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो ही यंत्रे दिली होती. ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांनी वाट पाहायची होती. आपण चाळीस वर्षे वाट पाहिली. आधी सगळे मूलभूत मिळू द्या, मग हे घेऊ, असे म्हणणारा समाज प्रत्येक वेळी मूलभूतापाशीच थांबवला जातो. दोन्ही मागण्या एकाच वेळी कराव्या लागतात.

उत्साही मंडळींनाही एक विचारायचे आहे. यंत्राला जात नसते हे खरे. पण यंत्रात जो तक्ता भरला जातो त्याचे रकाने माणूस आखतो. कोणता रकाना ठेवायचा, कोणता वगळायचा, दोन गोष्टी एकाच रकान्यात घालायच्या की वेगळ्या, हे ठरवणाऱ्याला जात असते.

४

या प्रश्नावर आपल्याकडे १८८२ सालीच विचार झालेला आहे. हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे स्पष्ट सांगितले होते. मोडी व बाळबोध यांचे वाचन-लेखन आणि हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे काही पाठ, अशी ती यादी आहे. या यादीत मोडी आणि हिशेब एवढ्या वर का? बाळबोध ही छापील पुस्तकाची लिपी होती, तर मोडी ही दप्तराची. खतावणी, कर्जरोखा, सारा यांची नोंद मोडीत होई. 'ब्राह्मणांचे कसब' या १८६९ च्या पुस्तकात जोतीरावांनी कुलकर्ण्याच्या लेखणीची करामत दाखवलीच होती. महार गावाची शीव दाखवीत होता, शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मानली जात होती, पण शीव कागदावर लिहीत होता कुलकर्णी. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना नुसते पुस्तक वाचता येऊन भागणार नाही, दप्तर वाचता आले पाहिजे, हे जोतीरावांनी ओळखले होते. शिक्षकही नांगर किंवा वाकस हाती धरायला न लाजणारा असावा, असे त्यांचे म्हणणे होते.

आजच्या दप्तराची मोडी म्हणजे संगणकातला तक्ता, त्याचे रकाने आणि तो तक्ता चाळण्याचे नियम. ही लिपी आपल्या मुलांना येत नाही. माझ्या वर्गात येणारी मुले दहावीच्या गणितातले 'सांख्यिकी' हे प्रकरण सोडवून आलेली असतात. मध्य, मध्यक, बहुलक काढून गुण मिळवलेली असतात. पण वर्तमानपत्रात 'इतके टक्के' असे वाचले की 'कशाचे टक्के?' हा प्रश्न त्यांतल्या फार थोड्यांना पडतो. आकडे शिकवले गेले. आकड्याला प्रश्न विचारणे शिकवले गेले नाही.

तो प्रश्न कसा विचारायचा, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना दाखवले. सरकार एकूण विद्यार्थ्यांचे आकडे सांगत होते. बाबासाहेबांनी प्रत्येक वर्गाच्या लोकसंख्येत दर हजारी किती मुले प्राथमिक शाळेत आहेत ते मांडले. पुढारलेले हिंदू ११९, मुसलमान ९२, मधला वर्ग ३८ आणि मागासलेला वर्ग १८. माध्यमिक शिक्षणात दर लाखामागे पुढारलेले ३,००० आणि मागासलेले १४. लोकसंख्येत ज्याचा क्रम दुसरा, तो वर्ग शिक्षणात शेवटचा. प्राथमिक शाळेत दाखल झालेल्या शंभरांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात, आणि याच गतीने गेलो तर सर्व मुलांना शिक्षणाखाली आणायला ४० आणि मुलींना ३०० वर्षे लागतील, असेही त्यांनी दाखवले. आकडे सरकारी अहवालांतलेच होते. छेद बदलल्याबरोबर तेच आकडे आपल्या बाजूने बोलू लागले. महाडच्या तळ्यावर जाण्याच्या आठवडाभर आधीचे हे भाषण आहे. आपण तळे दरवर्षी आठवतो, हा तक्ता आठवत नाही. सातवीच्या मुलाला या चार आकड्यांचा स्तंभालेख काढायला सांगितला तर इतिहास, गणित आणि ज्याला आज सगळे 'डेटा' म्हणतात ते कौशल्य, तिन्ही एकाच तासात होतील.

५

आता मला माझी एक नामुष्की सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज 'नावात तफावत' असा शेरा मारून परत आला. गुणपत्रिकेवर तिचे आडनाव इंग्रजीत एका प्रकारे लिहिलेले, ओळखपत्रावर दुसऱ्या प्रकारे. मराठीत दोन्ही एकच. तीन वेळा ती तालुक्याला सेवाकेंद्रावर गेली. प्रत्येक वेळी तिची एका दिवसाची मजुरी बुडाली. मग ती मला म्हणाली, "सर, मी तीच आहे का नाही, हे ते यंत्र कसं ठरवतं?"

मला उत्तर आले नाही. मी म्हणालो, "दुरुस्ती करून आण." दुरुस्ती होईपर्यंत मुदत संपली. पुढच्या वर्षी तिने प्रवेश घेतला नाही.

नंतर मी ते समजून घेतले तेव्हा कळले, की उत्तर सहावीच्या मुलाला कळण्याइतके सोपे आहे. दोन चिठ्ठ्यांवर दोन नावे लिहा. पहिले अक्षर पहिल्याशी, दुसरे दुसऱ्याशी असे ताडून पाहा. एक अक्षर चुकले की 'नाही' म्हणा आणि थांबा. साध्या नियमाने चालणारे यंत्र एवढेच करते. शेवटी चुकून सुटलेली मोकळी जागाही त्याच्या लेखी एक अक्षर असते. उच्चार, ओळख, साक्ष यांतले त्याला काही कळत नाही. थोडा फरक चालवून घ्यावा, असा नियमही त्याला देता येतो. पण तो द्यायचा की नाही हे माणूस ठरवतो. म्हणजे त्या मुलीला यंत्राने नाकारले नव्हते. कोणीतरी लिहिलेल्या एका नियमाने नाकारले होते, आणि नियमाविरुद्ध अर्ज करता येतो, भांडता येते. हे त्या दिवशी मला माहीत असते तर मी तिला दुरुस्तीला न पाठवता तिच्याबरोबर कचेरीत गेलो असतो.

या पाठाला संगणक लागला नाही, हे ध्यानात घ्यावे. न्यूझीलंडचे प्राध्यापक टिम बेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकापासून चिठ्ठ्या, पत्ते, दोऱ्या यांच्या खेळांतून संगणकशास्त्र शिकवण्याची पद्धत विकसित केली आहे. यंत्र नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. यंत्र हवेच, आणि ते सरकारी शाळेत हवे. केरळने या शतकाच्या सुरुवातीपासून सरकारी व अनुदानित शाळांत, मुक्त सॉफ्टवेअर वापरून आणि मल्याळम पाठ्यपुस्तके काढून हे काम केले आहे. तेव्हा जमत नाही ही सबब टिकत नाही. पण यंत्र येईपर्यंत विचार थांबवण्याचे कारण नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

६

संगणकाचा वेगळा तास पाडला की तो नोकरीचा विषय होतो. तो इतिहासाच्या, भूगोलाच्या, गणिताच्या पाठात मुरवला तरच तो दप्तर वाचण्याची विद्या होईल. तीन उदाहरणे देतो.

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. हे दोन स्तंभ मुलांना काढू द्या आणि विचारा : एवढी माणसे दहा वर्षांत जन्मली का? मग १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख फळ्यावर लिहा. पुढे विचारा : दीक्षा घेऊनही सवलत जाईल म्हणून 'हिंदू' लिहिणारी माणसे या आकड्यात कुठे आहेत? केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या त्या १९९० साली. धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना यांच्या कात्रीत आपली घरे कशी सापडली, आजोबांच्या दाखल्यावर एक आणि नातवाच्या दाखल्यावर दुसरे असे का, हे मुलाला त्याच्याच घरातल्या कागदांवरून कळेल.

दुसरे उदाहरण गटारातल्या मृत्यूंचे. गटारे व मैल्याच्या टाक्या साफ करताना २०२० अखेरच्या पाच वर्षांत ३४० जण मेले, असे सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकसभेत सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत सांगितले की हाताने मैला उचलण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. दोन्ही विधाने सरकारचीच आहेत. टाकीत उतरून मरणे हा एक रकाना आणि मैला उचलणे हा दुसरा. रकाना बदलला की प्रेतही दप्तरातून नाहीसे होते. व्याख्या म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला सापडलेले नाही.

तिसरे उदाहरण आपल्यालाही सावध करणारे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार अनुसूचित जातींवरील गुन्ह्यांच्या नोंदी २०२१ मध्ये ५०,९०० आणि २०२२ मध्ये ५७,५८२ झाल्या. आपण लगेच 'अत्याचार वाढले' असे भाषण करतो. वाढले असतील. पण तक्रार करण्याचे धैर्य वाढले असेल, फौजदाराने नोंद घेतली असेल, असेही असू शकते. आणि जिथे नोंद शून्य आहे तो तालुका सुखी आहे की मुका आहे? आकडा आपल्या बाजूचा असला तरी त्याला प्रश्न विचारायला शिकवणे, हेच शिक्षण.

७

येथे एक इशारा दिला पाहिजे. आमच्या पिढीने वर्गात 'एस.सी.चे कोण आहेत, उभे राहा' ही हाक ऐकली आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी उभे राहताना पाठीवर पडणाऱ्या नजरा आम्ही विसरलेलो नाही. माहिती गोळा करण्याचा उपक्रम म्हणून उद्या एखाद्या उत्साही शिक्षकाने वर्गातल्या मुलांचीच जातवार मोजणी केली, तर त्या कौशल्याचा पहिला फटका आपल्याच मुलाला बसेल. म्हणून पथ्य असे, की वर्गात आकडे आणायचे ते राज्यसंस्थेचे, समाजाचे, शाळेचे. शेजारी बसलेल्या मुलाचे नाही.

शाळेचे आकडे तर हाताशी आहेत. यू-डायससाठी शिक्षक दरवर्षी रकाने भरून थकतात. ती माहिती वर जाते आणि शाळेतल्या मुलांना कधी दिसत नाही. प्रत्येक शाळेचा तो तक्ता संकेतस्थळावर पाहता येतो. आठवीच्या वर्गाने आपल्या शाळेची ओळ वाचावी. 'संगणक आहेत' आणि 'चालू संगणक आहेत' यांत फरक काय? ओळीत स्वच्छतागृह आहे, तसे ते अंगणात आहे का? शिक्षकाला अवघड वाटेल असा हा पाठ आहे. तो घेण्याचे धैर्य आपण शिक्षकांनी दाखवायचे की नाही, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

आपल्या साहित्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. 'बलुतं' १९७८ साली आले, 'उपरा' १९८० साली. आत्मकथनांनी आपल्याला साक्ष देण्याची भाषा दिली. पण आकडा आपण दुसऱ्यांवर सोडला. नुसती साक्ष दिली की प्रस्थापित समीक्षक 'हा अपवाद आहे' असे म्हणून मोकळा होतो. नुसता आकडा दिला की त्यातला माणूस हरवतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधल्या आठवणी लिहिणारे आणि कौन्सिलात तक्ता मांडणारे बाबासाहेब एकच होते. आपण त्यांचे दोन तुकडे केले आहेत.

८

हे सारे आजच का? केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी येत्या जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय घेतला. सर्व जातींची मोजणी होऊन तिचे आकडे प्रसिद्ध झाले ते १९३१ साली. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांत अनुसूचित जाती आणि जमाती तेवढ्या मोजल्या गेल्या. म्हणजे आपण दर दहा वर्षांनी मोजले गेलो, आणि दप्तर राखणाऱ्यांची जात मात्र मोजली गेली नाही. २०२७ च्या जनगणनेचे आकडे येतील तेव्हा त्यांवर पोटजातींची भांडणे लावली जातील, सोयीचे छेद घेतले जातील, काही रकाने उशिरा प्रसिद्ध होतील. आज सातवीत असलेली मुले तोवर महाविद्यालयात असतील. ते आकडे त्यांनी स्वतः वाचायचे की कोणी वाचून दाखवायचे, याचा निकाल आजच्या पाठात लागणार आहे.

सरकारकडे मागण्या करूच : प्रत्येक सरकारी शाळेत चालू यंत्रे, मराठीत साधने, शिक्षकांना प्रशिक्षण आणि रकाने भरण्याच्या कामातून सूट. पण जूनची वाट न पाहता वसतिगृहांत, विहारांत, संध्याकाळच्या अभ्यासिकांत आठवड्याला एक तास सुरू करता येईल. १९२७ चा तक्ता, १९५१ आणि १९६१ चे दोन स्तंभ, नावांच्या दोन चिठ्ठ्या. एवढे साहित्य पुरे आहे. मी माझ्या गावी मुलींच्या वसतिगृहात गेल्या वर्षी हा तास सुरू केला. सहाव्या आठवड्याला एका मुलीने आईच्या रोजंदारीच्या हजेरीचा कागद आणला आणि विचारले, यात किती दिवस कमी धरले आहेत ते कसे काढायचे. आम्ही ते काढले. चार दिवस कमी निघाले.

ज्या कार्यकर्त्यांना, शिक्षकांना हे म्हणणे पटत नसेल त्यांनी अवश्य लिहावे. ज्यांनी असा तास घेऊन पाहिला असेल त्यांनी काय फसले तेही लिहावे. माझेही पुष्कळ फसले आहे, त्याविषयी पुढे केव्हातरी.